कौशल्याआजींचा मुटका

"मुटका म्हंजी मुटका. उडी न्हाई!"

हे वाक्य म्हणताना कौशल्याआजी आधी पदर कमरेला खोचतात, मग उजवी मूठ डाव्या तळहातावर आपटतात आणि 'ट'वर जीभ अशी वाजवतात की समोरच्याच्या कपातला चहा हलावा. सोसायटीच्या गणपतीत मी त्यांची नक्कल केली, तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्याच हसल्या. वर म्हणाल्या, "दीक्षे, 'ट' कमी पडला गं."

आजी मूळच्या जवळच्याच माण गावच्या. लग्न होऊन चिंचवडला आल्या, त्याला आता जमाना झाला. त्यांच्या माहेरची विहीर होती तिथे आज एका काचेच्या इमारतीचं पार्किंग आहे. "बेसमेंट कशाचं? माजी हीर हाय ती. माज्या हिरीत गाड्या लावल्यात मेल्यांनी!" त्या विहिरीत आजी लहानपणी मुटके मारायच्या. म्हणजे काठावरून झोकून द्यायचं, हवेतच दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी आवळायचे आणि पाटावर बसावं तसं पाण्यावर आदळायचं. पाणी पार काठावर उसळतं. माणच्या पोरींचा नियम कडक होता. काठावर उभ्या राहिलेल्या पोरीचे केस भिजले तर मुटका खरा. ती कोरडी राहिली तर ती नुसती उडी, आणि उडी तर बेडूकही मारतो.

हे सगळं खरं मानायला घरात कोणी तयार नव्हतं. मुलगा जयदीपदादा म्हणायचा, "आई, तू आणि विहिरीत? तू बादलीत पाय टाकताना ओरडतेस!" एकुलती एक साक्षीदार म्हणजे मागच्या गल्लीतल्या चतुराआजी. त्याही माणच्याच. पण त्यांना विचारलं की त्या चष्मा वर सारून, नाकातून, सावकाश सांगायच्या, "कौशी व्हय? उड्या मारायची की. मुटका माजा असायचा."

झालं! मग दोघी दोन दिवस बोलायच्या नाहीत.

आणि येत्या बुधवारी कौशल्याआजींचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नंतर चाला, फिरा, जिने चढा, पण मांडी नाही, उकिडवं बसणं नाही आणि उड्या तर अजिबात नाहीत. आजींनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या. "भीमराज, तू त्या नदीवर कवा नेणार हायेस?"

भीमराज म्हणजे माझे पप्पा. माझ्या जन्माच्या आधीपासून ते चाकणच्या एका कंपनीची बस चालवतात. सुट्टीच्या दिवशी मित्राची ट्रॅव्हलर घेऊन मोजक्या लोकांची सहल काढायची, हे फार दिवसांपासून त्यांच्या मनात होतं. सकाळी ताम्हिणीच्या जंगलातल्या नदीत डुंबायचं, मग घाट उतरून दुपारी समुद्र, रात्री घरी. पप्पा म्हणाले, "रविवारी जाऊ, मावशी. फक्त वेळ पाळायची. दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडतात. आधी भोंगा होतो, आणि भोंगा झाला की सगळे बाहेर."

"मला एकच मुटका मारायचाय," आजी म्हणाल्या. "त्याला काय दिवस लागतोय व्हय? आन् चतुरीला बी घे. काठावर तीच उभी राहील."

रविवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो. कौशल्याआजी, त्यांची सून तेजस्विनीवहिनी, चतुराआजी, तळमजल्यावरचं नवं जोडपं आणि मी. जोडपं आणि वहिनी तिघंही चाकणला नोकरीला. आमच्याकडे कंपनीच्या गाडीत बसून जागं राहणारा माणूस नवा तरी असतो किंवा आजारी तरी. सगळ्यांनी पडदे ओढले आणि गाडी गल्लीतून बाहेर पडायच्या आत घोरणं सुरू. मी जराशी जागी होते, पण ओळखीचे गतिरोधक लागत गेले तशी माझीही मान पडली. गतिरोधक ओळखीचे कसे काय, हा प्रश्न त्या वेळी कोणालाच पडला नाही.

मला जाग आली ती शिट्टीने. बाहेर वॉचमन पप्पांना विचारत होता, "काय भीमराजभाऊ, आज रविवारी? आन् गाडी बदलली जणू!"

"हां, ती ओव्हरटाइमची..." पप्पा म्हणाले आणि तिथेच थांबले. त्यांचा एक हात रजिस्टरमध्ये सही करायला खिडकीबाहेर गेला होता. तो तसाच हवेत राहिला.

पप्पांनी गाडी चाकणला आणली होती. सरळ कंपनीच्या गेटवर.

मागच्या सीटवरून डबे घेतलेले दोन अनोळखी भाऊ उठले. मोशीच्या स्टॉपवर पप्पांनी सवयीने ब्रेक मारला होता, दार उघडलं होतं, ते सवयीने चढले होते आणि सवयीने झोपले होते. उतरताना एक जण म्हणाला, "थँक्यू भाऊ. सीट एकदम झकास राव! रोज हीच गाडी लावा की."

कौशल्याआजींनी डोळे चोळत पडदा सरकवला. बाहेर नव्या कोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर रांगेने उभे. "आली का गं नदी?"

चतुराआजींनी चष्मा लावून नीट पाहिलं. "नदी कंपनीनं घेतली वाटतं, कौशे. गेट लावलंय बघ."

मग जे हसू फुटलं! तळमजल्यावरचा दादा तर सीटवरून खाली घसरला, कारण त्याने झोपेतच खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढून हातात धरलं होतं. पप्पा कपाळ धरून म्हणत होते, "आयला! हातानं नेलं राव, डोक्यानं न्हाई नेलं!" फक्त एक माणूस हसत नव्हतं.

"भीमराज," कौशल्याआजी म्हणाल्या, "भोंगा कवा वाजतो म्हनालास?"

पप्पांनी गाडी फिरवली. उलट सगळी पिंपरी-चिंचवड ओलांडायची, मग माण, मग पौड, मग घाट. आजी पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि प्रत्येक सिग्नलला लाल दिव्याकडे असं बघायच्या, की तो बिचारा लाजून हिरवा व्हावा. माण आलं तेव्हा त्यांनी काचेच्या इमारतींकडे पाहिलंसुद्धा नाही. "पळव रं," एवढंच.

घाटात शिरलो आणि ऊन संपलं. इतकी झाडं, की दिवसा पप्पांनी दिवे लावले. फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतलेल्या, खोडांवर शेवाळ, कुठूनतरी सतत पाण्याचा आवाज. वहिनी काच खाली करून ओरडली, "अगं, एसीपेक्षा गार!" पुढे पायवाट उतरलो, आणि खाली नदी. तळाचे गोटे मोजावेत इतकी स्वच्छ. मध्ये एक काळाभोर डोह आणि डोहावर झुकलेला, उंबऱ्याएवढ्या पायऱ्या असलेला खडक.

बाकीच्या सहली आवरून वर निघाल्या होत्या. पाण्यावर लक्ष ठेवणारा कुलदीपदादा गळ्यात शिट्टी घालून आमच्याकडे आला. "लई उशीर केलात. भोंग्याला थोडाच वेळ आहे. जाकीट घातल्याशिवाय पाण्यात नाय."

त्याच क्षणी वहिनीच्या फोनवर जयदीपदादा. "तेजू, आईला फक्त पाय बुडवू दे हं. फक्त पाय!"

"हो हो," वहिनी म्हणाली, आणि तिने मागे वळून पाहिलं. तिच्या सासूबाई नऊवारीवर नारिंगी जाकीट चढवून, हात बाजूला काढून उभ्या होत्या. गॅसच्या टाकीला कव्हर घातलं की जशी दिसेल, अगदी तशा.

"आई, रिस्क नको ना! बुधवारी ऑपरेशन आहे, प्लीज."

"म्हनून तर आज," आजी म्हणाल्या. वहिनीने फोन पर्समध्ये टाकला.

खडकावर चढताना आजींचा प्रत्येक पायरीला "आई गं" निघत होता. पुढून कुलदीपदादा ओढत होता, मागून पप्पा आधार देत होते आणि बसमध्ये चढवताना म्हणतात तसंच म्हणत होते, "चला चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" चतुराआजी डोहाच्या काठावर अगदी नियमाप्रमाणे उभ्या राहिल्या. अंबाडा चाचपला आणि म्हणाल्या, "मार."

आजींनी नाक धरलं. आणि त्यांनी झोकून दिलं.

उजवा गुडघा पोटाशी आला. डावा नाही आला. तो रेल्वेच्या फाटकासारखा सरळच राहिला. आजी तिरक्या होऊन पाण्यावर पडल्या, सगळं पाणी एका अंगाला उसळलं आणि कुलदीपदादा शिट्टीसकट निथळला. जाकिटाने आजींना बुचासारखं वर आणलं. तोंडातलं पाणी थुंकत त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"भिजली का?"

चतुराआजींनी अंबाड्यावरून हात फिरवला. "कोरडा."

"परत मारते!"

आणि वरच्या अंगाला भोंगा वाजला. लांब, खर्जातला. कुलदीपदादाने शिट्टी फुंकली. पाच-दहा मिनिटांत आम्ही सगळे वर पायवाटेवर होतो, आणि खाली तो डोह गढूळ होत होत वाढायला लागला. खडक अर्धा दिसेनासा झाला. आजी ओल्या लुगड्यात उभ्या राहून तो बुडेपर्यंत बघत राहिल्या.

घाट उतरून माणगावच्या पुढे जेवायला थांबलो तर आजी खाली उतरल्या नाहीत. पप्पांनी मान खाली घालून म्हटलं, "मावशी, माझ्यामुळं झालं. चाकणला गेलो नसतो तर दुसरी उडी मिळाली असती."

"उडी!" आजी म्हणाल्या, आणि पप्पांना कळलं की चुकीचा शब्द बोललो.

चतुराआजींनाही करमेना. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "बरी व्हती तशी, कौशे." त्याने तर आणखीनच बिघडलं.

समुद्र आला तेव्हा ऊन कलतं होतं. लांबच लांब ओली वाळू, मागे सुरूची झाडं, गर्दी नाही. सगळे चपला टाकून धावले. आजी गाडीतच. "तुमी जा. मी टीव्हीवर बघितलाय समिंदर."

मी दारात उभी राहिले. मला जे येतं तेच मी केलं. नसलेला चष्मा वर सारला, नसलेल्या अंबाड्यावरून हात फिरवला आणि नाकातून, सावकाश म्हटलं, "कोरडा."

वाटलं होतं हसतील. त्या ताडकन उठल्या. "कुठं हाय ती चतुरी?"

वाळूतून त्या माझा खांदा धरून चालल्या. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. लाट आली तशी त्यांची पावलं तळावरून उचलली गेली. त्या थबकल्या. माझ्याकडे बघितलं. मग पाण्याखाली हळूच डावा पाय वर घेतला. आणखी वर. अगदी पोटापर्यंत.

"दीक्षे! हितं वाकतोय गं! दुखत न्हाई!"

त्यांचा आवाज किनारभर गेला. "भीमराज! तेजू! या हिकडं, धरा मला! चतुरे, तू तितंच उभी ऱ्हा. हलू नकोस!"

पप्पा कधीही गाडी सोडून जात नाहीत. लोक देवळात जातात, लग्नात जेवतात, पप्पा गाडीपाशी. ते खाकी पँटसकट पाण्यात आले. त्यांनी एक दंड धरला, वहिनीने दुसरा. चतुराआजी चष्मा पुसत दोन हातांच्या अंतरावर उभ्या. समोरून एक लाट उठायला लागली, हिरवी, फुगत फुगत.

"आई, आता?"

"थांब!"

लाटेने तिघांनाही वर घेतलं.

"सोड!"

दोन्ही गुडघे पोटाशी, दोन्ही हात गुडघ्यांवर, नऊवारीचं अख्खं गाठोडं लाटेच्या माथ्यावरून खाली आलं. धबांग! मला वाटलं, समुद्राला भोक पडलं. पाणी खाली गेलं तेव्हा चतुराआजींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर होता आणि अंबाड्यातून मिठाचं पाणी टपटप गळत होतं.

"भिजली!" मी, वहिनी, तळमजल्यावरचं जोडपं, सगळे ओरडलो.

चतुराआजींनी तोंड पुसलं. "लाटेनं भिजवलं. हिनं न्हाई."

"काय?"

"लाट धरून चालत न्हाई. हिरीत लाट व्हती का?"

"बरं," कौशल्याआजी म्हणाल्या. "परत."

परत झाला. चतुराआजी म्हणाल्या, वारा होता. परत झाला. चतुराआजी म्हणाल्या, भीमराजनं ढकललं. पप्पा शपथा घेत होते. वहिनी, सकाळपासून 'रिस्क नको' म्हणणारी वहिनी, आता घसा फाडून ओरडत होती, "आई, अजून एक! गुडघे टाइट! चतुराकाकूंवर नेम धरा!" आजी हसत होत्या, ठसकत होत्या, खारं पाणी थुंकत होत्या आणि पुन्हा लाटेकडे तोंड करून उभ्या राहत होत्या.

मग समुद्र जरा निवला. लाट आली ती अगदी लहान, कमरेएवढीसुद्धा नाही. आजींनी पप्पांचा हात झटकला, वहिनीचाही झटकला, आणि एकट्याच तिच्यावर बसल्या. पाणी चहूबाजूंनी फुटलं. चतुराआजी केसांपासून पदरापर्यंत चिंब.

सगळे चतुराआजींकडे बघत राहिलो.

त्यांनी शांतपणे अंबाडा सोडला, पिळला. आकडे दातांत धरून परत बांधला. ओठ न हलवता, दातांमधूनच बोलल्या, "झाला. मुटका झाला."

मग चष्मा काढून माझ्या हातात दिला, पदर कमरेला खोचला आणि पाण्यात शिरता शिरता म्हणाल्या, "आता काठावर जा, कौशे. माजा बघ."