काकाजींची संमती

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात स्वतःच्या मोबाइल नंबरला सोन्याहून जास्त जपणारा माणूस एकच, आमचे देवळीचे शेजारी काकाजी. खासगी माहितीच्या कायद्याची बातमी त्यांच्या कानावर आली आणि तो आपल्यासाठीच केलाय, अशी त्यांची खात्रीच पटली. आपली कोणती माहिती कोण वापरतो हे दाखवणारं आणि दिलेली संमती एका बोटानं परत घेऊ देणारं ॲप त्यांच्याकडे आहे. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसं ते पाहुण्यांना हे ॲप दाखवतात. मिठाईच्या दुकानात पावभर पेढ्यांसाठी नंबर मागितला, तर "हेतू सांग पहिले," म्हणून अडून बसतात. स्वतःच्या बी-खताच्या दुकानात, कृषी केंद्रातही तोच शिरस्ता. कपाशीवर अळी आल्याचा मेसेज धाडायचा, तरी आधी प्रत्येक शेतकऱ्याला फोन करून संमती घ्यायची. एकदा माझ्यासमोरच फोनवर एका शेतकऱ्याचा आवाज चढला, "अजी काकाजी, अळी मले इचारून आली का? सांगा ना लवकर!" काकाजी ढिम्म. "तू हो म्हण, मंग सांगतो."

त्यांची एकुलती एक लेक सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे. एका रविवारी ती घरी आली तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. दारातूनच तिनं विचारलं, "बाबा, ड्युटीवर असताना कोण्या पोराच्या आत्याचा फोन आलता. माहा रंग, उंची, पगार, सगळं पाठ होतं तिले. कोणं देलं?"

काकाजींनीच दिलं होतं. लग्नाच्या पोरीचा बायोडाटा समाजाच्या ग्रुपवर टाकायचा, त्यात पोरीला काय विचारायचं, हा आपल्याकडचा रिवाज. तो इतका अंगवळणी पडलेला, की दिवसभर संमती संमती करणाऱ्या या माणसाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. "तुह्या भल्यासाठीच टाकला ना, बाई," ते पुटपुटले.

"लग्नाले मी नाई म्हटलं का? पण मले इचारलं काऊन नाई?" लेक म्हणाली. "सगळीकडून काढा तो. तवर मी घरी येत नाई." आणि आली तशी पाण्याचा घोटही न घेता ती परत गेली.

ॲपमध्ये याला बटण नव्हतं. मग काकाजी दुकान सोडून एकेकाला फोन लावत बसले, वर्ध्याला, सेलूला, पार यवतमाळपर्यंत. एका समाजबंधूनं विचारलंच, "काऊन जी, पोरीत काई खोट आहे का?" एरवी कायद्याची कलमं तोंडावर फेकणारे काकाजी इतकंच म्हणाले, "पोरीत नाई. माह्यात आहे." मला त्या वेळी ते फार आवडले.

ग्रुपवर गेलेलं सगळंच काही परत येत नाही. अजूनही एखादं स्थळ येतंच. परवा असंच एक चांगलं आलं. काकाजींनी भीतभीत लेकीला फोन लावला.

"बाई, एक स्थळ आलं आहे. सांगू का? नाई म्हटलं तरी चालते."

मग ती म्हणाली, "सांगजा. पण फोनवर नाई. रविवारी घरी येईन, तवा."

काकाजींनी फोन ठेवला, सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "येते म्हणते."