शिवणखोलीतला निळा कोट

मागचा जन्म आठवणाऱ्या माणसांबद्दल आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण त्यांतलं कुणी मागच्या जन्मी कारकून होतं, असं कधी ऐकलंय? कुणी सेनापती असतो, कुणी राजकन्या, फारच पडतं घेतलं तर राजवैद्य. कपडे दुरुस्तीच्या दुकानात रफू करणारी ही बाई त्या मानाने फारच प्रामाणिक. तीही मागच्या जन्मी राजवाड्यात होती, पण शिवणखोलीत. तेव्हाही शिवत होती, आताही शिवते. "एवढा जन्म बदलला, पण बढती म्हणून नाही हो," असं म्हणायची आणि दातांनी दोरा तोडायची. तरी दुकानातली माणसं तिला 'राणीसाहेब'च म्हणत.

हे प्रकरण सुरू झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. जेवता जेवता घास हातात धरून म्हणाली, "मी आधी राजवाड्यात होते." वडील खूश झाले. "राणी होतीस का गं?" "नाही. बटणं लावायचे." वडिलांचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "तिथं माझा डावा कान सारखा गरम असायचा." आई घाबरली आणि दुसऱ्याच दिवशी तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. कानाचा विषय तिथेच संपला.

आठवण तशी मोठी नव्हती. एक लांबट खोली, उंच खिडकी, मांडीवर कपडा. मग तिच्या पुढ्यात कुणीतरी निळा कोट धरतं. चंदेरी काठाचा, गळ्यापासून दुसरं बटण तुटलेलं. कोट राजपुत्राचा, यात शंकाच नाही, कारण त्याचं माप तिनेच घेतलेलं. आणि कोटाच्या वरून आवाज येतो, "माझ्याशी लग्न करशील? घाई नाही. या जन्मी नाही जमलं तर पुढच्या जन्मी विचारीन." इतक्यात बाहेर कर्णे वाजतात, धावपळ होते आणि सगळं पुसलं जातं. बटण लावायचं राहतं ते राहतंच.

"पण चेहरा कसा होता गं त्याचा?" धाकटी बहीण लहानपणापासून विचारायची.

"चेहऱ्याकडे कोण बघतं? मी काज बघत होते. वरून उसवलं होतं."

हे काही ती उगाच म्हणत नव्हती. माणूस ओळखायची तिची रीतच ती. रोजचं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर ही सरळ पुढे निघून जायची. त्याच माणसाने दुरुस्त केलेली पँट घातलेली असली की मात्र थांबून, वाकून, गुडघ्याकडे बघत विचारायची, "कसं काय, टिकलंय ना?" दुकानाच्या मालकीणबाईंनी केस कापले तेव्हा हिच्या लक्षात यायला आठवडा लागला. त्यांच्या ब्लाउजची बाही अर्धा इंच सैल झालीय, हे तिला लांबूनच दिसलं होतं.

तर अशी ही बाई एकेचाळीस वर्षांची होईपर्यंत राजपुत्राची वाट बघत राहिली. स्थळं आली नाहीत असं नाही. पण ज्या दुकानात ती एकोणीस वर्षं बसली, तिथे 'घाई नाही' हे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघालेच नाहीत. दुरुस्तीला कपडा टाकणाऱ्या माणसाला तो कालच हवा असतो. त्यासाठी मालकीणबाईंनी लाल चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या. लाल चिठ्ठी कॉलरला टाचली की तो कपडा तातडीचा, बाकी सगळं बाजूला सारायचं. कधी कधी कपड्यांची सबंध दांडी लाल दिसायची. राजपुत्राची खूण तिला पक्की ठाऊक होती: निळा कोट, दुसरं बटण आणि घाई नाही.

तिच्या टेबलाला लागून इस्त्रीचं टेबल. इस्त्रीवाला तिथे चौदा वर्षं उभा. चार भावंडांचं करता करता त्याचं लग्न राहूनच गेलेलं. बोलायला कमी, शीळ मात्र सुरेख घालायचा. तो एकटाच तिला राणीसाहेब म्हणत नसे. "अहो, हे अस्तर जळेल का?" "अहो, दिवा लावू का?" असं चालायचं. त्या 'अहो'वरून दुकान फिदीफिदी हसायचं, आणि त्याला ते कळायचंही नाही. किंवा कळत असेल, कोण जाणे.

एका सोमवारी पँटची घडी मोडता मोडता तो म्हणाला, "अहो, मी शनिवारी जातोय. भावाच्या गावी लॉन्ड्री टाकतोय. साडेपाचची गाडी आहे."

तिची सुई थांबली. "कायमचे?"

"हो. तिथे दोघांचं काम आहे. एक इस्त्री, एक शिलाई." त्याने वाफ सोडली आणि वाफेआडून उरलेलं सांगून टाकलं. "म्हणजे लग्न करूनच म्हणतोय मी. मला नीट बोलता येत नाही."

तिला तो आवडत होता, हे इथे सांगूनच टाकतो. त्याची शीळ ऐकल्याशिवाय तिचा रफू सरळ जायचा नाही. पण जन्माआधी दिलेला शब्द म्हणजे काही गंमत नव्हे.

"माझं ठरलेलं आहे हो. तुम्हाला माहीत आहे."

"आला का तो?"

"अजून नाही."

तो हसला नाही. सगळं दुकान हसलं असतं, तो हसला नाही. "मग शनिवारपर्यंत वाट बघू. आला तर उत्तमच. नाही आला तर मला सांगा," एवढं म्हणून त्याने पुढची पँट घेतली. शनिवारनंतर त्या टेबलापाशी कुणीच नसेल, या विचारात तिने एक बाही उलटीच शिवली.

आणि मंगळवारी सकाळी, पहिल्याच गिऱ्हाइकाने तिच्या पुढ्यात निळा कोट ठेवला. गळ्यापासून दुसरं बटण तुटलेलं!

तिने जीव मुठीत धरून विचारलं, "कधी हवाय?"

"घाई नाही," गिऱ्हाईक म्हणालं.

सुई सरळ बोटात गेली. तिने कशीबशी चिठ्ठी लिहिली, शनिवार, चार वाजता, आणि मान वर केली तोवर दार बंद झालं होतं. तिने तिथूनच बहिणीला फोन लावला.

"आला गं तो!"

बहीण ओरडलीच. "ताई! दिसायला कसा आहे?"

"काजं हाताने केलेली आहेत."

"माणूस गं, माणूस!"

"माणूस... उंच असणार. छाती चव्वेचाळीस आहे."

बहिणीने कपाळावर हात मारलेला इकडे ऐकू आला.

बटण लावायला किती वेळ लागतो? हिने दोन दिवस लावले. दोरा तिहेरी घेतला, मेण लावलं, आतून छोटं आधाराचं बटण बसवलं. एका जन्माचं राहिलेलं काम होतं ते. मग कोट रीतीप्रमाणे डावीकडच्या टेबलावर गेला. इस्त्रीवाल्याने तो उलटून पालटून बघितला, काही विचारलं नाही. सबंध दुकानाला कळलं होतं, त्याला कळणार नाही होय? त्याने ओला फडका घातला, कॉलर वाफेवर बसवली, बाह्या आतून गोल दाबल्या. नवरदेवाच्या कोटावरही कुणी इतकी मेहनत घेत नाही. दांडीवर लावताना म्हणाला, "चांगला कपडा आहे. माणूसही चांगलाच असेल." तिला रडू आलं आणि ते का आलं, हे तिला कळेना.

शनिवार उजाडला. तिने ठेवणीतली साडी नेसली. इस्त्रीवाल्याने तीन वाजताच काम संपवलं, सगळ्यांचा निरोप घेतला आणि तिच्यापाशी येऊन म्हणाला, "सुखी व्हा हं." ती काहीतरी बोलली. काय ते तिला पुढे कधीच आठवलं नाही, मागचा जन्म आठवत असूनही.

बरोबर चारला गिऱ्हाईक आलं. ठेंगणा, गोल, हसतमुख माणूस.

"घालून बघा," ती म्हणाली.

"कशाला?"

"घाला हो!"

त्याने घातला. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबल्या, कोट गुडघ्यांपर्यंत आला. मालकीणबाई हसू दाबायला कपड्यांच्या रांगेमागे गेल्या.

"अहो बाई, हा माझा कशाला असेल? साहेबांचा आहे. मी त्यांची गाडी चालवतो."

"मग घाई नाही का म्हणालात?"

"साहेब महिनाभर परदेशी आहेत, म्हणून. माझ्या दोन मुली आणि बायको सोडली, तर मला कुणाचीच घाई नसते." त्याने कोट उतरवला. "आणि बटण लावून घ्यायला काय साहेब स्वतः येतात होय?"

आता सगळं दुकानच खो खो हसायला लागलं. तीही हसली, आणि हसता हसता एकदम थांबली.

साहेब स्वतः येतात होय?

चौतीस वर्षं तिला हे सुचलं नव्हतं. शिवणखोलीत, त्या दोऱ्यांच्या कचऱ्यात, टाचण्यांत, राजपुत्र आपला कोट घेऊन कशाला येईल? त्याच्या दिमतीला काय नोकर कमी होते? ती मटकन खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि ती जुनी खोली समोर आणली. पुढ्यात निळा कोट आला. काज दिसलं, वरून उसवलेलं. तिने जन्मात पहिल्यांदा काजावरून नजर उचलली आणि कोट धरणारे हात पाहिले. बोटांची टोकं भाजून भाजून निबर झालेली. अंगठ्याच्या मुळाशी जुना, चकचकीत डाग. आणि कोट गरम होता. नुकताच, अगदी नुकताच इस्त्री केलेला. हात डावीकडून आले होते.

तिने डोळे उघडून डावीकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं. इस्त्री गार पडलेली, फडका चौघडी घालून ठेवलेला. तिने कानाला हात लावला. डावा कान थंडगार होता.

घड्याळात पाच वाजायला आले होते. "मालकीणबाई, मी निघाले!" म्हणून ती उठली, खणातली एक वस्तू उचलली आणि गळ्यात मापाची फीत तशीच ठेवून पळत सुटली. या वयात, ठेवणीतल्या साडीत! लोक वळून वळून बघत होते. बघेनात का.

स्टँडवर इस्त्रीवाला ट्रंकेवर बसला होता. तिला बघून धडपडत उठला. "आला नाही का तो?"

"आला होता. ड्रायव्हर निघाला."

"अरेरे," तो मनापासून म्हणाला.

"हात दाखवा तुमचे."

त्याने निमूटपणे हात पुढे केले. बोटं निबर होती. अंगठ्याच्या मुळाशी डाग होता. चौदा वर्षं हातभर अंतरावर असलेला डाग.

"राजपुत्र आलाच नव्हता," ती धापा टाकत म्हणाली. "कोट घेऊन तुम्ही आला होतात. विचारलंतही तुम्हीच. मी मेली काज बघत बसले!"

त्याने आपलेच हात उलटसुलट करून पाहिले. "मला यातलं काहीच आठवत नाही हो. काय म्हणालो होतो मी?"

"लग्न करशील का, म्हणालात. आणि वर म्हणालात, घाई नाही."

"असला मूर्खपणा मीच करू शकतो," तो म्हणाला. "तो मीच असणार."

मग तिने त्याच्याकडे पाहिलं. कॉलरकडे नाही, शिवणीकडे नाही, चेहऱ्याकडे. डाव्या भुवईत तीळ होता. नाक जरा वाकडं होतं. डोळे भरून आले होते. इतका चांगला चेहरा रोज शेजारी होता आणि आपण पँटींचे गुडघे बघत बसलो, या विचाराने तिचा जीव हळहळला. तिने मुठीतली लाल चिठ्ठी काढली, टाचणी दातांत धरून सरळ केली आणि चिठ्ठी त्याच्या कॉलरला टाचली.

साडेपाचच्या गाडीच्या कंडक्टरने दोनदा विचारलं, "येताय का?" दोन्ही वेळा तिनेच "नाही" म्हणून सांगितलं.

"आता चेहरा नीट पाहिलात ना?" इस्त्रीवाल्याने विचारलं. "पुढच्या जन्मी ओळखाल?"

"पुढच्या जन्माचं मला सांगू नका," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी अकराला नोंदणी कचेरी उघडते. साडेदहाला तयार राहा."