सात पाण्यांचा दगड

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. पलीकडे काका होते, बाईंचे मिस्टर. "विमल, तुझी बाई गेली वं सकाळी," एवढं म्हणाले आणि लाइनवर खरखर सुरू झाली. मला वाटलं लाइन तुटली. तेवढ्यात पुन्हा त्यांचा आवाज आला, "काल संध्याकाळपर्यंत त्या नर्सले शिकवून राहिली होती, का सलाइनमधलं मीठ डोयाले काहून दिसत नाही." मला हसू फुटलं आणि हसता हसताच रडू आलं. समोरच्या टेबलावरचे दोघे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय सांगणार, आमच्या बाई तशाच होत्या.

त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांना दवाखान्यात भेटले होते. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे मात्र तेच. मी स्टूल ओढून बसायच्या आत त्यांनी विचारलं, "शेडवर पाऊस कसा आहे?" शेजारच्या खाटेवरच्या बाईनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. तिला वाटलं असणार, ही आता भ्रमात गेली. आमच्या बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. पाऊस बरा आहे, चांगली ओल धरलीय, असं मी सांगितलं तेव्हा समाधानानं मान हलवून म्हणाल्या, "मग यंदा चांगलं येईल." काय येईल, तेच सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

प्रमिलाबाई आम्हाला कॉलेजात खनिजशास्त्र शिकवायच्या. वडील गिरणीत कामाला. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा बाई बी.एस्सी.ला होत्या. वडील म्हणायचे, आता कुणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही, आपण पाहायचं आणि मग मानायचं. बाईंनी ते खनिजांनाही लावलं. अभ्यासक्रमातलं प्रत्येक खनिज त्यांनी हातात घेतलेलं असायचं, नखानं ओरखडलेलं, जिभेला लावलेलं. घरी बुद्धाच्या मूर्तीच्या खालच्या फळीवर दगडच दगड मांडलेले. पाहुणा आला की त्याच्या हातात पाण्याच्या पेल्याच्या आधी एखादा दगड यायचा. काका बिचारे मागून पाणी घेऊन यायचे.

एकाच खनिजापाशी बाईंची गाडी अडायची. त्याचं नाव गोस्लाराइट. जर्मनीतल्या एका खाणीच्या गावावरून पडलेलं, आम्हा पोरांच्या जिभेला न वळणारं. बाई सांगायच्या, की जस्ताचा दगड जमिनीखाली मुकाट बसलेला असतो. खाण खोदली, हवा लागली, ओल लागली, की त्यातलं जस्त आणि गंधक पाण्यात उतरतं आणि जुन्या बोगद्यांच्या भिंतींवर पांढरं, केसांसारखं, रेशमी असं काहीतरी उगवून येतं. कधी छतालाही लोंबतं. जस्ताच्या एका वाट्याला त्यात सात वाटे पाणी असतं आणि ते त्यानं अंगात धरून ठेवलेलं असतं. बोगद्याच्या दमट गारव्यात ते सुखात राहतं. कोरड्या हवेत आणलं की एक पाणी जातं, मग बाकीचीही जातात, आणि काचेसारखं चमकणारं खनिज पांढरं पीठ होऊन बसतं. वर पाणी पडलं तर विरघळून जातं, नाव-निशाण राहत नाही. एवढं सगळं रंगवून सांगितल्यावर बाई खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे मी पाहिलेलं नाही. पुस्तकात आहे." दर वर्षी, न चुकता. इतर मास्तर न पाहिलेला हिमालय पाहिल्यासारखा शिकवायचे, आणि या बाईला एका चिमूटभर खनिजाची एवढी लाज.

कॉलेजच्या कपाटात गोस्लाराइटची बाटली होती. तिच्यात तळाला भुकटी. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाच्या अंगातलं पाणी टिकत नाही तिथं दगडाचं काय टिकणार. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती बाटली उचलून "हे काय?" म्हणून विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, ते त्याचं प्रेत आहे." परीक्षकांनी बाटली जपून खाली ठेवली.

मी एम.एस्सी.ला होते तेव्हा, साल पासष्टच्या आसपास, आमची सहल राजस्थानातल्या एका जस्ताच्या खाणीवर गेली. वर्गात मुलगी मी एकटीच. बाई आठवडाभर आधीपासून खुशीत होत्या, नवीन बूट घेतले होते, टॉर्चचे सेल दोनदा तपासले होते. खाणीच्या तोंडाशी मॅनेजर आडवा आला. "मॅडम, लेडीज नीचे नहीं जा सकतीं. कानून है." बाईंनी वाद घातला, विनंती केली, मी यांना शिकवते ते खाली आहे म्हणून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं कडुनिंबाखाली बाक टाकून दिलं, चहा पाठवला, बिस्किटं पाठवली. मुलं खाली गेली आणि आम्ही दोघी पाच तास त्या बाकावर. मध्येच बाई उठून बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. आतून गार, ओली हवा येत होती. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "आतमधी आहे ते, विमल. त्याची हवा लागून राहिली मले." बाई चिडल्या किंवा फार हरखल्या की त्यांची बोली वर यायची. त्या दिवशी काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. बिस्किटांना त्यांनी हात लावला नाही एवढं आठवतं.

मुलं वर आली ती जेवणाचा डबा घट्ट दाबून धरूनच. आत गोस्लाराइट होतं, भिंतीवरून अलगद सोडवलेलं. कुणीतरी झाकण उघडायला गेलं तशा बाईच ओरडल्या, "उघडू नका, हवा लागेल. लॅबमध्येच उघडू." दोन दिवस आगगाडीत तो डबा त्यांच्या मांडीवर. मार्चअखेरचं ऊन, खिडकीतून गरम वारा... नागपूरला लॅबमध्ये सगळ्यांना गोळा करून त्यांनी झाकण उघडलं. आत पीठ. इतकं बारीक, की एकजण शिंकला आणि निम्मं उडालं. खाणीच्या तोंडाशी डबा उघडला असता तर बाईंनी ते जिवंत पाहिलं असतं. ज्ञान असं कधी कधी नडतं, आणि हे त्या स्वतःच पुढे वर्षानुवर्षं हसून सांगायच्या.

पुढच्या तुकडीतला एक हुशार निघाला. कोरड्या हवेत मरतं ना, मग ओल्या रुमालात बांधून आणतो म्हणाला. आणला. नागपुरात रुमाल सोडला तर नुसता ओला रुमाल, खनिज पाण्यात गेलेलं. बाईंनी रुमालाला बोट लावून जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "हो. तेच आहे." मग अख्ख्या वर्गाला, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या मलाही, ते चाखायला लावलं. तुरट, मळमळ आणणारी चव. निम्मा वर्ग नळाकडे पळाला. एक वर्ष पीठ, एक वर्ष पाणी.

बाईंचे थोरले भाऊ रामटेककडे धान करायचे. धानाची पानं तांबडी पडू लागली की ते बाजारातून झिंक सल्फेट आणून टाकत. म्हणजे कारखान्यात केलेलं हेच. ते एकदा घरी आलेले असताना मी तिथं होते. बहिणीची ही हौस ऐकून त्यांना नवल वाटलं. "ह्या पांढऱ्या मिठासाठी तू खाणीत काहून जातं वं? माह्या घरी अर्धं पोतं पडलं आहे. घेऊन जाय." बाई हसल्या. म्हणाल्या, "दादा, ते लोकांनी केलेलं आहे. मले ते आपल्या आपण आलेलं पाहायचं आहे." दादांनी काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे.

मी सरकारी खात्यात लागले. बरोबरीची पोरं रानोमाळ तंबू ठोकून नकाशे काढत होती आणि मला साहेबांनी कोराडी रोडवरच्या शेडवर बसवलं. आमचं खातं जिल्ह्यात जस्त शोधत होतं. जमिनीत खोल भोकं पाडून खडकाच्या ज्या लांब गोल कांड्या निघायच्या त्या लाकडी पेट्यांत भरून या पत्र्याच्या शेडमध्ये यायच्या. त्या मोजायच्या, तपासायच्या, लिहायच्या. "लेडीजसाठी बरी जागा आहे," साहेब म्हणाले. मी रात्रंदिवस धुसफुसत असे. बाईंकडे जाऊन रडगाणं गायले तर त्या म्हणाल्या, "कांड्या तर बघायले मिळून राहिल्या ना? मले तर बाकडंच मिळालं होतं."

शेडवर दशरथभाऊ चौकीदार होते. स्वच्छतेचं भारी वेड. कोराडीचं वीज केंद्र सुरू झाल्यापासून वाऱ्याबरोबर राख यायची आणि सगळ्यावर बसायची. मीच त्यांना सांगितलं होतं, भाऊ, पेट्या रोज ओल्या फडक्यानं पुसत जा. ते पुसायचे. पावसाळ्यात काही पेट्यांवर राख जास्तच बसते, चिकटून बसते, अशी त्यांची तक्रार असायची. मी म्हणायचे, जरा जोरानं पुसा. तीन वर्षं हे चाललं.

त्या वर्षी दशरथभाऊ पोळ्याला गावी गेले आणि तिथं तापानं पडले. वीस दिवस शेडला फडकं लागलं नाही. पाऊस रिपरिप चालू होता, पत्र्याखाली सगळं कसं दमट. एका सकाळी राहिलेलं काम उरकायला म्हणून, सुट्टी असूनही, मी चाळीस नंबरच्या पेटीतल्या कांड्या पाहायला गेले. पांढरी राख दिसली म्हणून स्वतःच फडकं भिजवून आणलं. वाकले, आणि हात तिथंच थांबला. राखेला कुरळे केस नसतात. जस्ताच्या कांडीच्या भेगेभेगेतून बोटाच्या पेराएवढे पांढरे, रेशमी तंतू निघाले होते, टोकाला वळलेले, उजेडात चमकणारे. तुटून पडलेला एक तंतू मी जिभेला लावला. तीच चव. बारा-चौदा वर्षांपूर्वीच्या त्या रुमालाची.

बाहेर आले तर ढग फाटून ऊन डोकावत होतं. दोन दिवस कडक ऊन पडलं असतं तर संपलंच असतं. मी सायकल रस्त्यापर्यंत रेटली, तिथं टाकली आणि मिळेल ती बस धरून बाईंच्या घरी गेले. रविवार होता. बाई पोळ्या करत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "बाई, आलंय." काय आलंय ते त्यांनी विचारलं नाही. तव्यावरची पोळी तशीच, हाताला पीठ तसंच, पायांत चपला सरकवल्या. मागून काका गॅस बंद करत विचारत होते, "अवं पण जेवून तं जाय." आम्ही कोपऱ्यावर पोचलो होतो.

बसमध्ये बाई हाताला लागलेलं पीठ खिडकीबाहेर झटकत राहिल्या. शेडच्या फाटकाशी मला दशरथभाऊंच्या चपला दिसल्या आणि मी धावतच आत शिरले. भाऊ बरे होऊन परत आले होते. वीस दिवसांची राख पाहून अस्वस्थ होऊन कामालाही लागले होते. एक नंबरच्या पेटीपासून सुरुवात करून बादली आणि फडकं घेऊन ते सदतीसवर पोचले होते. बाईच पुढे झाल्या. "भाऊ, थांबा गा जरा."

"राख हाय बाई. पुसून राहिलो."

"राहू द्या. एवढी एक पेटी राहू द्या."

आणि बाई चाळीस नंबरच्या पेटीपुढे गुडघ्यांवर बसल्या. नाकाचा गरम श्वास लागू नये म्हणून पदर तोंडावर धरला. मी मागं उभी. पत्र्यावरून थेंब पडत होते, दशरथभाऊंच्या फडक्यातलं पाणी बादलीत ठिबकत होतं. मी भिंग पुढे केलं, त्यांनी ते घेतलं नाही. नुसत्या डोळ्यांनीच पाहत राहिल्या. मी सवयीनं बोट पुढे नेलं तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हात नोको लावू." मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "कोनी केलं नाही हे. आपल्या आपण आलं." इतक्या वर्षांत मी माझ्या बाईंना एवढं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

दशरथभाऊंना सगळं समजावून सांगावं लागलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे तीन सालापासून मी ज्याले राख म्हणून..." बाईंना हसू फुटलं. इतकं, की त्यांना जमिनीवरच बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी. "चौदा वर्षं मी शोधून राहिली, अन् तीन वर्षं तू पुसून राहिला," त्या म्हणाल्या, "आणि ही विमल तुले सांगून राहिली, जोरानं पूस." भाऊही हसायला लागले. मला हसायला थोडा वेळ लागला.

मला खाली जाऊ दिलं नव्हतं, आता ते स्वतःच वर आलं, असं काहीतरी बाई परतीच्या बसमध्ये म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात गोस्लाराइटचा धडा त्यांनी वेळापत्रक मोडून पुन्हा घेतला. शेवटी म्हणाल्या, "हे मी पाहिलं आहे." पोरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. तेव्हापासून दर वर्षी पोळ्यानंतर बाई पोरांना घेऊन शेडवर यायच्या. रांगेत मुली पुढे, तो नियमच होता. अलीकडे त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून दशरथभाऊंनी खोक्याच्या फळ्यांचा एक पाट करून ठेवला होता. चाळीस नंबरला फडकं लागत नसे.

यंदा पोळा झाला आणि मी कुणाला बोलावलं नाही. मन होईना. एका दुपारी शेडच्या फाटकाशी तीन मुली येऊन उभ्या राहिल्या, पावसात भिजलेल्या, कोराडीच्या बसनं आलेल्या. एकीच्या हातात चिठ्ठी होती. कॉलेजच्या कपाटात गोस्लाराइटच्या बाटलीच्या जागी ही चिठ्ठीच लावलेली आहे, म्हणाली, आम्ही काढून आणली, परत लावू. अक्षर बाईंचं. दवाखान्यात जायच्या आधी कधीतरी लिहिलेलं असणार, मला माहीतच नव्हतं. "हे मी पाहिलं आहे. तुम्ही पाहिल्याशिवाय लिहू नका. कोराडी रोडची शेड, पोळ्यानंतर. विमलला विचारा."

"विमल कोण आहेत इथं?" मुलीनं विचारलं.

मी म्हटलं, मीच. मी आत चालायला लागले आणि त्या मागून आल्या. दशरथभाऊंनी न सांगता पाट आणून चाळीस नंबरपुढे ठेवला. यंदा खरंच चांगलं आलं होतं, बोटभर. चिठ्ठीवाली मुलगी पाटावर बसली, वाकली आणि तिचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावून पाहू का?"

"नोको," दशरथभाऊ आणि मी एकदमच म्हणालो.

तिनं हात मांडीवर घेतला, ओढणी नाकावर धरली आणि पाहू लागली.