चिंचबारीचे शुक्रवार

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. एरवी शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येऊ नये अशा त्या गल्ल्या त्या दिवशी इतक्या शांत होतात, की पाहुण्याला काहीतरी बिघडलंय असं वाटावं. जमीलभाई अन्सारींना हा फरक फक्त पायांना कळायचा. माग चालू असले की फरशी थरथरते. कान त्यांचे पन्नाशीच्या आधीच गेले होते. नस मेली आहे, मशीन लावून उपयोग नाही, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

एका दुष्काळी वर्षी त्यांच्या शेजारच्या मागावर नाथा कामाला आला. सटाण्याच्या पुढच्या चिंचबारीचा, शेळ्या पाळणारा माणूस. तो खडखडाट त्याला सोसला नाही. पाऊस लागताच तो गावी पळाला. जाताना मात्र हाताने खुणा करत म्हणाला, "एक दिन या ना आमना गावले, जमीलभाऊ."

जमीलभाई गेले आणि मग दर शुक्रवारी जातच राहिले. पहाटेची नमाज झाली की पहिल्या एसटीने सटाणा, तिथून जीप आणि गावात न शिरता थेट माळावर. जुम्म्याच्या नमाजेला परत सटाण्याच्या मशिदीत.

चिंचबारीच्या डोक्यावर काळा कडा आहे. त्याच्याखाली करवंदीच्या जाळ्या, मग उघडा माळ आणि माळाच्या पायथ्याशी उंबरांनी झाकलेला ओढा जाऊन पाझर तलावाला मिळतो. कड्यावर ससाण्याची जोडी होती. ओढ्यात लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पक्षी दिसायचा, हिवाळ्यात तलावावर बदकं उतरायची. ऐकू न येणाऱ्या माणसासाठीही जगात इतकं काही आहे, हे जमीलभाईंना तिथे समजलं. त्यांनी जुन्या बाजारातून एक दुर्बीण घेतली.

एकदा माळावरून चंडोल सरळ वर चढत गेला. दुर्बिणीतून त्याची उघडी चोच आणि फुललेला गळा दिसत होता.

"गातोय का?" जमीलभाईंनी विचारलं.

नाथाने होकाराची मान डोलावली. मग त्यांचा तळहात हातात घेऊन त्यावर बोटांनी ठेका धरला. भरभर, थांबून, पुन्हा भरभर. पक्षी खाली येईपर्यंत तो ठेका धरून होता. त्या दिवशी जमीलभाई बसमध्ये आपल्या तळहाताकडे बघत बसले. बायकोला, माजिदाला, त्यांनी हे घरी येऊन दोनदा सांगितलं.

अशी सात-आठ वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात त्या भागात चोऱ्या सुरू झाल्या. विहिरींवरच्या मोटारींच्या केबल जायच्या, दोन गावांतून शेळ्या गेल्या. रात्री आकाशात ड्रोन फिरतात, चोर आधी गावं हेरून जातात, असे मेसेज मोबाईलवर फिरू लागले. पोरं गस्त घालू लागली. जमीलभाईंपर्यंत यातलं काही पोचलं नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी ते माळावर एकटेच कड्याकडे दुर्बीण लावून उभे होते. मागून पाच-सहा पोरं हाका मारत आली. ते वळले नाहीत. पोरांना वाटलं, मुद्दाम करतोय. खांद्यावर हात पडला तेव्हा जमीलभाई दचकले.

"कोन शे तू? दुर्बिनमा काय दखस?" राजू नावाचा पोरगा पुढे होता.

"मला ऐकू येत नाही!" जमीलभाई म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. त्यांचं बोलणं ओरडल्यासारखं निघालं आणि ते भांडायला उठलेत असंच सगळ्यांना वाटलं. कुणीतरी थोबाडीत मारली. दुर्बीण खडकावर आपटली. शर्टाचा खिसा फाडून मोबाईल काढला, तर त्यात कड्याचे फोटोच फोटो.

तेवढ्यात शेळ्या घेऊन नाथा आला. जमीलभाईंचा जीव भांड्यात पडला. राजूने नाथाकडे वळून विचारलं, "नाथाबाबा, तू वळखस का याले?" जमीलभाईंनी त्याच्या ओठांवरून प्रश्न ओळखला.

नाथाने एकदा जमीलभाईंकडे पाहिलं. मग काठी उचलली, शेळ्या वळवल्या आणि तो ओढ्याकडे उतरून गेला.

पोरांनी जमीलभाईंना जीपमध्ये बसवून दिलं. पुन्हा दिसू नको, असं बोट नाचवून सांगितलं. ते सटाण्याच्या मशिदीत गेलेच नाहीत. फाटका खिसा माजिदाने शिवला. तिने विचारलं, तर एसटीत गर्दी होती म्हणाले.

महिन्याभराने नाथा मालेगावला आला. सोबत कांद्याची गोणी. ओट्यावर बसून तो बराच वेळ बोलला, पण मान खाली घालून. जमीलभाईंना त्याचे ओठ दिसत नव्हते, आणि मान वर कर असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी चहा दिला, रिक्षापर्यंत सोडायला गेले.

आतून सगळं ऐकणारी माजिदा रात्री त्यांच्यासमोर येऊन बसली. तोंड समोर ठेवून सावकाश म्हणाली, "म्हणत होता, पोरांसमोर ओळख दिली असती तर मलाच धरलं असतं, यानेच चोर आणला म्हणून. गावातच राहायचंय मला. रडत होता."

"खरंच आहे त्याचं," जमीलभाई म्हणाले. त्यांना नाथाचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

उन्हाळ्यात माजिदा म्हणाली, "मनमाडकडेही डोंगर आहेत. तिकडे जा ना."

"तिथेही कुणीतरी मागून हाक मारेल," ते म्हणाले. "मी वळणार नाही."

दुर्बिणीची एक काच फुटली होती. भंगारवाला आला तेव्हा त्यांनी ती जुन्या पत्र्याबरोबर देऊन टाकली. नाथाचा व्हिडिओ कॉल आला की मोबाईल उजळतो. जमीलभाई तो विझेपर्यंत बघत राहतात. शुक्रवारी आता ते फरशीवर आडवे पडून असतात. जुम्म्याची वेळ झाली की माजिदा त्यांना हलवून उठवते.