खोक्यांचा शिंपी

मास्तरांच्या गळ्यात कायम टेप असायची. शिंप्याच्या गळ्यात असते तशीच, पिवळी, मऊ, दोन्ही टोकं छातीवर लोंबणारी. जेवतानासुद्धा ती उतरत नसे; तिच्यावर पडलेले वरणाचे डाग मी पाहिलेत. नवीन माणसाला ते शिंपीच वाटायचे. आमच्या हिरालाही वाटले. हिरा म्हणजे माझी बायको. पहिल्याच दिवशी तिने त्यांना विचारलं, "मास्तर, ब्लाउज शिवायला किती दिवस लावता?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीला रचलेल्या खोक्यांकडे पाहिलं. म्हणाले, "ताई, मी खोक्यांचा शिंपी. माणसांची मापं मला जमत नाहीत. माणसं हलतात."

शेडमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हिरा लाजली, पण 'मास्तर' हे नाव तिने दिलं ते दिलं. पुढे कारखान्याचा शेठसुद्धा त्यांना मास्तरच म्हणू लागला.

हिरा गेली त्याला आठ महिने झाले. लिहायला बसलोय मास्तरांवर, पण ती मध्येमध्ये येणार. येऊ दे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील त्या पोटात घाला.

मास्तर मूळ कोकणातले. मुंबईच्या एका एजंटाने त्यांना सिल्वासाला बसवलं होतं. तेव्हा इथे कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते. त्यातला जो माल विमानाने परदेशी जायचा तो मोजायचा, त्याचे कागद करायचे आणि टेम्पोत घालून मुंबईला सहारच्या कार्गोत पोचवायचा, एवढं त्यांचं काम. मी धुळ्याकडचा. अथालच्या रस्त्याला टेबलावरचे दिवे बनवायचा कारखाना होता, खाली पितळेचा दांडा आणि वर काचेची टोपी. तिथे मी पॅकिंगचा मुकादम. माझ्या हाताखाली वीस बायका, त्यात हिराही. कामावर ती मला नावाने हाक मारत नसे आणि 'अहो' पण म्हणत नसे. खोकं आपटायची. मी वळून बघायचो.

मास्तरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "लांबी सांगितलीत, रुंदी सांगितलीत. उंची कोण सांगणार, सरपंच?" आम्ही उंची नेहमी विसरायचो. आमच्या डोक्यात शेताचा हिशेब. शेताला उंची कुठे असते? पण मास्तर म्हणायचे, विमानात शेत नसतं, कपाट असतं.

जागेचं वजन म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं. जड आणि लहान खोकं असलं की काट्यावर येईल ते वजन. पण खोकं हलकं आणि थोराड असलं तर ते जेवढी जागा अडवतं त्या जागेचं वजन काढतात, आणि दोन्हींतलं जे जास्त त्याचं भाडं. मी म्हटलं, मास्तर, हा तर अन्याय झाला, आत हवा आहे नुसती. ते म्हणाले, "हवेलाच तर वजन असतं. भरलेलं खोकं उचलता येतं. रिकाम्या जागेचं भाडं माणसाला मारतं."

तेव्हा मी हसलो होतो.

अक्षरंही त्यांनीच शिकवली. विमानाच्या चिठ्ठीवर प्रत्येक गावाला तीन इंग्रजी अक्षरं असतात. मुंबईला बी-ओ-एम. लंडनला वेगळी, सिडनीला वेगळी. मी ती चित्रांसारखी पाठ केली, आणि त्या चित्रांतूनच पुढे इंग्रजी पाट्या वाचायला लागलो. एकदा विचारलं, सिल्वासाची तीन कोणती? मास्तर म्हणाले, "आपल्या गावाला अक्षरं नाहीत. म्हणून पत्ता नीट लिहायचा. ज्याला विमानतळ नाही त्याने हस्ताक्षर चांगलं ठेवावं."

सगळ्या जगाला खोकी पाठवणारा हा माणूस स्वतः कधी विमानात बसला नाही. हिराने छेडलं की म्हणायचे, "खोकं जेवायला मागत नाही, खिडकी मागत नाही. विमानवाल्यांना खोकीच आवडतात." रागावले की मालवणीत शिरायचे. "सुतळी खंय ठेवलास?" असं ऐकू आलं की बायका हातातलं काम टाकून सुतळी शोधायला लागत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाचं एक नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. माल जहाजाने जायचा होता, पण पितळेच्या पॉलिशला उशीर झाला आणि जहाज निघून गेलं. नाताळाच्या आधी दिवे तिकडच्या दुकानात लागायला हवे होते, म्हणून शेठने विमान ठरवलं. शेठने मला बोलावून तोंडावर सांगितलं, "हा माल वेळेवर गेला नाही तर गिऱ्हाईक गेलं समज. गिऱ्हाईक गेलं तर पॅकिंग बंद. बायकांना तूच सांग." वीस बायकांची चूल त्या चौसष्ट खोक्यांवर होती. त्यात माझीही.

नेमका वापीहून थर्माकोलचा टेम्पो आला नाही. निघायला एक दिवस उरला होता. मी डोकं धरून बसलो. हिरा म्हणाली, "मडकी कशात येतात? बांगड्या कशात येतात? पेंढ्यातच ना? फुटतात का कधी?" जवळच्या सुरंगी गावच्या बायका होत्या, त्यांच्या खळ्यांत भाताचा पेंढा पडलेला. दुपारपर्यंत बैलगाडी भरून आला. कोरडा, सोन्यासारखा. आम्ही संध्याकाळपर्यंत चौसष्ट खोकी भरली. एकही काच हलत नव्हती. हिराने पहिल्या खोक्याला कुंकू लावलं, आत चार अक्षता टाकल्या. बाहेर चाललेल्या लेकीला लावतात तसं. मला फार अभिमान वाटला.

सकाळी आठला मास्तर आले. टेप काढून पहिलं खोकं मोजलं, मग हात थांबला. खोक्याला नाक लावलं. मला म्हणाले, "मुकादम, यात काय आहे?"

"पेंढा, मास्तर. एकदम कोरडा."

ते खोक्यावरच बसले. माल मोजायच्या आधी ते कधी बसलेले मी पाहिले नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "त्या देशात गवताची काडी उतरू देत नाहीत. किडा येतो म्हणतात, बी येतं म्हणतात. पेंढा दिसला की माल अडकवतात, नाहीतर जाळतात. तुमचे दिवे नाताळाला पेटतील, पण दुकानात नाही."

हिरा तिथेच उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. मी बोलायला गेलो, मास्तर, ही कल्पना... त्यांनी हात वर केला. "मुकादम, विमानाच्या कागदावर चाळीस रकाने असतात. चूक कुणी केली याला रकाना नाही. एकला टेम्पो निघाला पाहिजे. संध्याकाळी सातनंतर माल आत घेत नाहीत. पेंढ्याऐवजी काय आहे ते बोला."

कुणाकडे काही नव्हतं. रद्दी मिळाली असती, पण दहा खोक्यांपुरती. तेवढ्यात खोकं आपटल्याचा आवाज आला. मी वळलो. हिरा म्हणाली, "मागच्या धाग्याच्या मिलमध्ये गुंत्याचे ढीग पडलेत. तो झाडाचा नाही, गवताचा नाही. मशीनचा आहे."

मास्तर उठले. दोघं कुंपणापर्यंत गेले. मी मागून. पांढऱ्याशुभ्र धाग्याचे गुंते, कापसाच्या ढिगासारखे, मिलवाले फेकून द्यायचे. मास्तरांनी काडेपेटी काढली, एक धागा पेटवला. धागा जळला नाही, वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. "कापूस असता तर राख झाली असती," ते म्हणाले. "हा पक्का कारखान्याचा. ताई, पोती आणा."

त्या सकाळी मी बायकांना पळताना पाहिलं तसं पुन्हा पाहिलं नाही. खोकी उलटी करून आपटायची, ओल्या फडक्याने पुसायची, काच पुसायची, दांडा पुसायचा. मास्तर प्रत्येक खोक्यात डोकं घालून बघत. खोक्याच्या तळाला कोपऱ्यात काड्या अडकतात, म्हणून त्यांनी सुरी घेतली आणि तळाचे पट्टेच कापून टाकले. कापलं, दुमडलं, चिकटवलं. खरोखरच शिंप्यासारखं. काचेच्या टोप्या एकात एक बसतात हेही तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. मध्ये गुंता घातला आणि चार-चार टोप्या एका जागेत बसवल्या. खोकी लहान झाली. पहिल्या खोक्यातल्या अक्षता त्यांनी स्वतः वेचून हिराच्या तळहातावर ठेवल्या. "तांदूळ धान्यात मोडतो, ताई. कुंकू राहू दे. कुंकवाला अडवायचा नियम अजून झालेला नाही."

मध्येच शेठ आला. सगळीकडे पेंढा, बायका घामाघूम. "मास्तर, आ शुं मांड्युं छे?"

मास्तर सुरी न थांबवता म्हणाले, "खोकी मोठी झाली होती, शेठ. लहान करतोय. भाडं वाचेल तुमचं."

शेठ खूश होऊन गेला. मास्तर खोटं बोलले नव्हते. फक्त उंची सांगितली नव्हती.

एकला पाच मिनिटं असताना टेम्पो हलला. मी पुढे त्यांच्या शेजारी बसलो. भिलाडच्या नाक्यावर रांग होती, मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. साडेसहाला कार्गोच्या फाटकात शिरलो. कस्टमच्या साहेबाने एक खोकं उघडायला सांगितलं. नेमकं कुंकवाचं. त्याने आत हात घातला, धागा ओढला, पुन्हा ओढला. "हे काय?"

"धागा, साहेब. सिल्वासाचा."

साहेबाने वास घेतला, खोकं बंद करायला लावलं आणि शिक्का मारला. कुंकवाकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या मालाकडे वळला. बाहेर आल्यावर मास्तरांनी पहिल्यांदाच काही मोजायचं नसताना टेप गळ्यातून काढली आणि तिनेच मान पुसली.

पंधरा दिवसांनी शेठच्या ऑफिसात निरोप आला. एकही काच फुटली नाही, आणखी माल पाठवा, आणि भरताना तोच पांढरा धागा वापरा. हिरा म्हणाली, "बघा, आपला कचरापण त्यांना आवडला." त्या शेडमध्ये तिने पुढे चौदा वर्षं काम केलं. आमचं दोन खोल्यांचं घर त्यातून उभं राहिलं. पेंढ्याची गोष्ट शेठला कधी कळली नाही. मी एकदा मास्तरांना म्हटलं, आता सांगून टाकतो. ते म्हणाले, "माल पोचला की कागद बांधून ठेवायचे असतात."

नव्वदच्या पुढे एजंटाकडे कॉम्प्युटर आला, मापं कारखान्यांतूनच जायला लागली, आणि मास्तर गावी जायला निघाले. निरोपाला शेडमध्ये आले. गळ्यातली टेप काढून हिराला दिली. "ताई, पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे ब्लाउज मागितला होता. तो काही मी शिवू शकलो नाही. तुम्हीच शिवा." हिराने शिवणाचं मशीन घेतलं ते त्यानंतर. मशीनच्या डब्यात ती टेप होती, वरणाच्या डागांसकट. मास्तरांची दोन पत्रं आली, मग आली नाहीत. आता ते आहेत की नाहीत, ठाऊक नाही.

हिरा गेल्यावर मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. तिची खाट, तिचं मशीन, सगळं तिथेच. मुलगी नाशिकहून म्हणत होती, कुलूप लावा आणि इकडे या. मी ना तिकडे गेलो, ना ते दार उघडलं. सात महिने बाहेरच्या खोलीत झोपलो आणि रोज सकाळी अंग दगडासारखं जड. डॉक्टरने तपासलं, म्हणाला काही नाही तुम्हाला. मला मात्र कळलं काय आहे ते. मास्तरांनी सांगितलं होतं, मी हसलो होतो.

मागच्या महिन्यात दार उघडलं. सुरंगीच्या दोन पोरी आहेत, त्याच धाग्याच्या मिलमध्ये लागल्यात, रोज जीपला लटकून येतात. त्यांना म्हटलं, खोली बघा. मशीन पण वापरा, पण तेल घालत जा. दोन खाटा मावतील का म्हणून मी डब्यातली टेप काढली आणि एका पोरीला वही धरायला लावली. लांबी झाली, रुंदी झाली. मी स्टूल ओढून भिंतीला टेप लावली तशी ती म्हणाली, "आजोबा, खाटा तर खालीच राहणार. उंची कशाला?"

"लिही," मी म्हटलं. तिने लिहिली.