साठ रुमाल

माझी मावशी दवाखान्याच्या चादरी धुते. तीस वर्षं तेच. चहा टाकायला सांगितलं तर आधी पातेलं दोनदा घासेल, अशी बाई. मी तिची भाची, इस्त्री माझ्याकडे. जरा फटकळ आहे, ते आईकडून आलंय.

शेजारी लोखंड ओतायची भट्टी सुरू झाली आणि आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसायला लागली. म्हणजे लोखंड भट्टीवाल्याचं, नफा त्याचा आणि निस्तरायचं आम्ही. प्रत्येक चादर दोनदा धुवायची, साबण दुप्पट, कंबरदुखी दुप्पट. त्यात दवाखान्याने बजावलं, आता एक जरी करडी चादर आली तर काम दुसरीकडे देऊ. ते काम गेलं असतं तर आम्ही खाल्लं असतं काय, डोंबल? भट्टीवाल्याला सांगायला गेलो तर म्हणे, हवेत धूर काय माझ्या एकट्याचा आहे?

मग मावशीने युक्ती काढली. पुरावा म्हणून रोज सकाळी एक पांढरा रुमाल दोरीवर लावायचा आणि संध्याकाळी तारखेची चिठ्ठी टाचून पिशवीत ठेवायचा. साठ रुमाल जमले. तेवढ्यात आमच्या तक्रारीवरून प्रदूषण खात्याच्या बाईंचं पाहणीला यायचं ठरलं.

बाई आल्या, भट्टीवालाही आला. मी मोठ्या ऐटीत पिशवी उघडली. आत साठ रुमाल, पांढरेशुभ्र, घड्या घातलेले, चिठ्ठ्यांसकट.

"परक्या माणसांसमोर मळके कसे ठेवायचे?" मावशी खाली मान घालून म्हणाली. "काल धुतले."

भट्टीवाला पोट धरून हसला. मला तर मावशीला पिंपात बुडवावंसं वाटलं.

आणि पिंपावरूनच आठवलं. मावशी काळं पाणी गटारात सोडत नाही. उताराला लोक राहतात, आपली घाण त्यांच्या दारात कशाला, हा तिचा हट्ट. पिंपात पाणी निवळू द्यायचं, वरचं वापरायचं, तळाचा गाळ बाजूला वाळवून ठेवायचा. या हट्टापायी मी तिच्याशी किती भांडलेय. बाईंना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. काळ्या गाळाचा ढीग बघून भट्टीवाला म्हणाला, चुलीची राख असेल. मी खिशातून लोहचुंबक काढलं. दवाखान्याच्या चादरीत राहिलेल्या टाचण्या शोधायला ते कायम जवळ असतं. गाळावरून फिरवलं, तर त्याला चांगली झुपकेदार काळी मिशी फुटली.

"चुलीत लोखंड जळत नाही," बाई त्याला म्हणाल्या. "तुमच्या धुराचा खर्च आजवर या दोघींनी सोसला. आता तुम्ही सोसायचा."

महिन्याभरात धुरांड्याला गाळणी बसवायची, तोवर दुसऱ्या धुण्याचे पैसे आम्हाला द्यायचे, नाहीतर भट्टी बंद, असा हुकूम निघाला. त्याची प्रत मी स्वतः दवाखान्यात नेऊन दिली. काम राहिलं. परत येताना माझे पाय किती हलके झाले होते, काय सांगू.

गाळणी बसली त्या दिवशी मावशीने पुन्हा एक रुमाल लावला. संध्याकाळी काढला, उलटसुलट करून उजेडात धरला. कुठे ठिपकासुद्धा नव्हता. मी पिशवी पुढे केली. तिने ती बाजूला सारली, पायरीवर बसली आणि त्याच रुमालाने डोळे पुसले.