जप्तीचा बांगडा

आल्या आल्या ती चपला काढायची, मोरीत हात धुवायची आणि आईच्या पायांशी जमिनीवर बसून म्हणायची, "काकीनू, पाय दाखवा बगया." मग आईच्या नडगीवर अंगठा दाबून धरायचा, उचलायचा आणि पडलेला खळगा भरून येईपर्यंत मोठ्यानं आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी आई पार गोंधळली. साठी उलटलेली बाई पायांशी वाकलेली बघून तिनं घाईघाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "अखंड सौभाग्यवती भव" म्हणून मोकळी झाली.

"घोव जावन बारा वर्सां झाली," ती मोजता मोजता म्हणाली. "आता मधी बोलू नकात. आकडो चुकता."

तिला सगळे मावशीच म्हणत. हॉस्पिटलातल्या आयाबाईला मावशी म्हणायची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे नाव विचारायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही. परळच्या एका हॉस्पिटलात तिची सगळी नोकरी कॅज्युअल्टीत गेली होती. निवृत्त झाल्यावर तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला नव्या कामावर ठेवून घेतलं. कॅज्युअल्टीतून घरी सोडलेले जुन्या आजाराचे पेशंट परत परत तिथंच का येतात, ते घरी जाऊन बघायचं. खांद्याला कापडी पिशवी लावून ती लालबाग, काळाचौकी, कॉटन ग्रीन असं सगळं पायी फिरायची. आमच्याकडे दर गुरुवारी.

आईचं हृदय कमजोर झालं होतं. पाय सुजायचे, मग छातीत पाणी व्हायचं, मग धाप लागायची आणि टॅक्सी बोलवावी लागायची. दोन महिन्यांत हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे असंच चालू राहिलं तर एखाद्या वेळी आमच्या हातात काही राहणार नाही." आईला मरणाचं एवढं भय वाटत नव्हतं, तिथल्या मास्कचं वाटायचं. तोंडावर तो पट्ट्यांनी आवळून बांधतात ना, तो. "माका काय करायचा ता घरात कर," ती म्हणायची, "पण परत त्या पलंगार नको."

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे. गोळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला होता, आमटीत मिठाचा खडा पडत नव्हता. मग चुकत होतं कुठे? मला याचा छडाच लागत नव्हता.

मावशी चहा घ्यायची नाही. दुसऱ्या गुरुवारी मात्र म्हणाली, "पुढच्या खेपेक जेवणाच्या वेळार येतंय." मी मनात म्हटलं, आलं लक्षात. ही फुकट जेवणारी. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बरोबर पान मांडायच्या वेळी ज्यांना तुमची आठवण येते.

ती आली आणि जेवली नाही. आईच्या ताटासमोर नुसती मांडी घालून बसली. ताटात होतं ते कोकणातल्या कुठल्याही आजाऱ्याच्या ताटात असतं तेच. ऊन ऊन पेज, आणि तोंडाला चव यावी म्हणून भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा. माझ्या आजीनं माझ्या आईला तापात हेच दिलं, आईनं मला दिलं, आणि आता मी आईला देत होते.

"मीठ बंद केलंस म्हणतंस?" मावशीनं विचारलं.

"अगदी बंद. आमटीत चिमूटभरसुद्धा नाही."

"वाटीभर पाणी हाड."

मी पाणी आणलं. तिनं ताटातला बांगडा उचलून त्यात टाकला आणि तो भिजायची वाट बघत बसली. आई रागानं बघत होती, तिची पेज निवत होती. थोड्या वेळानं मावशीनं वाटी माझ्यासमोर धरली. "पी."

मी एक घोट घेतला आणि मोरीकडे धावले. गिरगाव चौपाटीवर लहानपणी नाकातोंडात गेलं होतं, तसलं पाणी.

"मीठ पाणी धरून ठेवता," ती म्हणाली. "पायात धरता, मगे छातीत धरता."

मी मोरीशी तशीच उभी राहिले. तीनही वेळा आईला टॅक्सीत घालताना मी देवाला, डॉक्टरांना, नशिबाला बोल लावला होता. आणि घरी आणल्यावर अशक्तपणा फार म्हणून, चव नाही म्हणून, रोज एकाऐवजी दोन तुकडे वाढले होते. माझ्याच हातानं. मला रडू आवरेना.

मावशी उठून जवळ आली. "रडा नको, चेडवा. माज्या घोवाक मी ह्याच घालीत होतंय. कॅज्युअल्टीत कामाक मी, आणि तो माज्याच डूटीवर चार वेळा इलो. डॉक्टर सांगत, मीठ कमी करा. मी म्हणत होतंय, केलंय. बांगडो म्हणजे मीठ, ह्या माका कोणी सांगूकच नाय." ती नाक ओढून थांबली. "पाचव्या खेपेक गेलो."

मग तिनं फळीवरचा बांगड्याचा डबा उतरवला, होतं ते सगळं प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि माझ्यापुढे केलं. "नाव घाल हेच्यार."

"कुणाचं?"

"काकींचा. काकी बऱ्यो झाल्यो की परत देतलंय. दुसऱ्याची वस्तू ती."

मी कागदाच्या चिठ्ठीवर आईचं नाव लिहून ती आत सरकवली. ही पहिली जप्ती. शिवाय तिनं वजनकाटा आणायला लावला. रोज सकाळी चहाच्या आधी आईनं काट्यावर उभं राहायचं आणि आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर धाप लागायची वाट बघायची नाही, फोन करायचा.

आईला हे सहजासहजी मानवलं असेल असं समजू नका. देवगडहून मामेभाऊ आला तेव्हा त्यानं आणलेले बांगडे तिनं माझ्या नकळत लग्नातल्या शालूत गुंडाळून ट्रंकेत ठेवले. गुरुवारी मावशी उंबऱ्यातच थबकली. पाय बघायचे सोडून सरळ ट्रंकेपाशी गेली. "उघडा."

"तू काय पोलीस गो?" आई कडाडली.

"पोलीस बरो. तो कायतरी घेवन सोडता."

दुसरी पुडी गेली. शालूचा वास मात्र वर्षभर गेला नाही. तिसरी पुडी आईनं देवघरात गणपतीच्या मागे ठेवली होती. ती सापडली तेव्हा मावशीनं आधी देवाला हात जोडले, मग पुडी उचलली.

आता आईला एकच प्रश्न पडला. या बाईचं हे सगळं जातं कुठे? "खाता ती," आई ठामपणे सांगायची. "घराक जाता आणि भाजून खाता. सगळ्या लालबागचे बांगडे खावन मस्त जाड झाली हा." खरं सांगायचं तर मलाही शंका यायची. दहा-पंधरा घरांतली जप्ती म्हणजे एका माणसाची वर्षाची बेगमी. मी एकदा आडून आडून विचारलंसुद्धा. ती "आसा माज्याकडे, आसा," एवढंच म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरली.

गणपतीनंतर एकदा कॅलेंडरवरचा आकडा तीन दिवसांत दोन किलोंनी चढला. शेजारणीनं प्रेमानं दिलेले पापड आईनं आणखी प्रेमानं खाल्ले होते. मी फोन केला. "आजच्या आज ओपीडीत घेवन ये," मावशी म्हणाली. "दम नाय लागलो म्हणून बसा नको." डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि दुपारी आम्ही घरी. येताना आई कॅज्युअल्टीच्या दारावरून स्वतःच्या पायांनी चालत गेली. आत बघून तिनं तोंड फिरवलं आणि माझा हात घट्ट धरला. त्यानंतर तिनं काही लपवलं नाही. बडबड मात्र चालूच होती.

सव्वा वर्ष असं गेलं. एकदाही टॅक्सी बोलवावी लागली नाही. मग एका गुरुवारी मावशी आली नाही. आई पाय पसरून बसून राहिली, दुपारचं जेवण तिनं तीन वाजेपर्यंत लांबवलं. संध्याकाळी मावशीच्या मुलीचा फोन आला. आदल्या दिवशी ती दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही.

रविवारी मी कॉटन ग्रीनला तिच्या घरी भेटायला गेले. एक खोली, एक खिडकी. मुलगी बोलता बोलता उठली आणि खाटेखालून पत्र्याची पेटी ओढून म्हणाली, "बरं झालं आलात. याचं काय करू ते तुम्हीच सांगा. वासावरून शेजारी भांडतात. आई हात लावू देत नव्हती."

झाकण उघडलं तसा वास आला. आत पुड्याच पुड्या. खारे बांगडे, सोडे, सुकट, पापड, लिंबाच्या लोणच्याच्या बाटल्या. प्रत्येकीवर नाव, आणि प्रत्येक नावाचं अक्षर वेगळं, कारण ज्याच्या त्याच्या घरातल्या माणसानं ते लिहिलेलं. काही पुड्यांवर सुकलेलं तुळशीचं पान होतं.

"ती माणसं गेली," मुलगी म्हणाली.

आईच्या तिन्ही पुड्या एका कोपऱ्यात होत्या. त्यांवर पान नव्हतं. मी विचारलं, "कुणाला परत दिलं का हो कधी?"

"कुणालाच नाही. या आजारातून बरं कोण होतं? आईला माहीत होतं की. पण टाकू द्यायची नाही. लोकांची वस्तू आहे म्हणायची." तिनं तिन्ही पुड्या उचलून माझ्या हातात दिल्या. "तुमच्या तुम्ही घेऊन जा."

घरी आल्यावर मी त्या आईसमोर ठेवल्या आणि पेटीचं सगळं सांगितलं. आईनं चिठ्ठीवरचं आपलं नाव वाचलं, गाठ सोडली, डोळे मिटून वास घेतला.

"खाल्ल्यान नाय गो तिना," ती म्हणाली. मग तिनं गाठ पहिल्यासारखी आवळून बांधली आणि पुड्या माझ्याकडे सरकवल्या. "उद्या परत देवन ये."

"अगं, कुणाला? मावशी नाही आता."

"पेटी आसा ना? मी खंय बरी झालंय अजून?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिन्ही पुड्या घेऊन पुन्हा कॉटन ग्रीनला गेले. मुलीनं पुड्यांकडे बघितलं आणि खाटेखालची पेटी ओढून झाकण उघडलं.